शुक्रवारचा ओळंबा

जगात काहीही हरवत नाही, असं मानणारे साधुसंत पुष्कळ झाले असतील. पण ते सिद्ध करण्यासाठी बायकोला बुधवारचं भांडण शुक्रवारी पुन्हा भांडायला लावणारा माणूस एकच झाला, आणि तो नेमका माझा मामेसासरा निघावा हा माझ्या पत्रिकेतला दोष. माझ्या बायकोचे हे सख्खे मामा. वय अडुसष्ट, अंगात बाह्यांचा गंजीफ्रॉक, कानावर पेन्सिल, चष्म्याची एक दांडी तांब्याच्या तारेची. भिवंडीत कामतघरला त्यांचं घर आहे असं लोक म्हणतात. खरं तर ते एक वर्कशॉप आहे, आणि त्याच्या मागल्या बाजूला मामी कशाबशा राहतात.

मामांनी उभी हयात पॉवरलूमवर जॉबर म्हणून काढली. लूम बिघडला की तो उघडून ठीक करणारा तो जॉबर. रिटायर झाल्यावर शिलाई मशिनी, पंखे, मिक्सर आणि पाण्याचे पंप त्यांच्या पुढच्या खोलीत दाखल व्हायला लागले. तिथे भिंतभर डबे आहेत आणि डब्यांवर चिठ्ठ्याही आहेत, पण त्या चिठ्ठ्यांवर विश्वास ठेवणाऱ्याचं काही खरं नाही. लग्नानंतर मी पहिल्यांदा तिथे जेवायला गेलो, तेव्हा साबुदाण्याच्या खिचडीत बेअरिंगचा छर्रा माझ्या दाताखाली आला. मी तो सभ्यपणे ताटाच्या कडेला ठेवला. मामांनी उचलला, पुसला, उजेडात धरला आणि आनंदाने ओरडले, "अगं, हा बघ! मंगळवारपास्नं शोधतोय!" माझ्या दाताचं काय झालं हे कुणी विचारलं नाही.

मी स्वतः राहतो कामतघरलाच, आणि नोकरी करतो ती गावाबाहेरच्या एका मोठ्या गोदामात. तिथे प्रत्येक खोक्याला बारकोड आणि प्रत्येक फळीला नंबर असतो, तरी खोकी बेपत्ता व्हायची ती होतातच. पण नोकरीचा माज वेगळा. मी एकदा मामांना शहाणपणा शिकवायला गेलो. म्हटलं, "मामा, प्रत्येक वस्तूची जागा ठरवून टाका." मामांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "जावई, जागा ठरवली की माणूस बघायचं सोडतो. मंग वस्तू डोळ्यासमोर असली तरी दिसत न्हाय."

शोधायची त्यांची रीत लूमवरची. कापड विणताना आडवा धागा तुटला आणि लूम तसाच पुढे गेला, तर कापडात रेघ पडते. मग कारागीर लूम थांबवतो, चाक हाताने उलटं फिरवतो, एकेक धागा मागे जात तुटल्या जागी पोचतो आणि तिथून पुन्हा सुरुवात करतो. मामांचं म्हणणं, दिवसाचंही तसंच. "वस्तू हरवत न्हाय, जावई. दिवस तुटतो. त्यो उलटा फिरवायचा. तुटल्या जागी वस्तू पडलेली असते." आणि हे काम फक्त शुक्रवारी. भिवंडीचे लूम सहा दिवस अहोरात्र खटखटतात. आम्हा कामतघरच्या लोकांना तो आवाज कानाने ऐकूच येत नाही, जमिनीतून तळपायांना कळतो. ताटातला चमचा आपला आपण सरकतो. शुक्रवारी सुट्टी, त्या दिवशी सगळं एकदम थांबतं. पाहुण्यांना ती शांतता बरी वाटते. आम्हाला मात्र कुणीतरी मागे येऊन उभं राहिल्यासारखं वाटत राहतं.

हा प्रकार मी पहिल्यांदा पाहिला तो दहा-अकरा नंबरच्या पान्यासाठी. पाना बुधवारी हरवला होता. शुक्रवारी दुपारी मी सहज डोकावलो, तर मामा स्वयंपाकघरातून उलट्या पावलांनी बाहेर येत होते. हातात रिकामा कप, डोळे अर्धवट मिटलेले. चौकटीशी थबकले, डावीकडे मान वळवून हवेत हसले, कुणाला तरी "बस, बस" म्हणाले आणि तसेच मागे मागे जाऊन बरोब्बर स्टुलावर टेकले. एकदाही वळून पाहिलं नाही. मी दारातल्या दारात मागे सरकलो. मामी मात्र उंबऱ्याशी कणीक मळत निवांत बसल्या होत्या, कारण आता त्यांची पाळी होती.

"अहो, तुमच्या पंपाचं काळं पाणी माझ्या धुतल्या साडीवर उडालं," मामी म्हणाल्या.

मामांनी डोळे न उघडता हात वर केला. "असं न्हाय. बुधवारी जास्त चिडली होतीस."

"बुधवारी साडी ओली होती, आता वाळली. किती चिडू?"

"थोडी तरी."

मामींनी कणकेचा गोळा परातीत आपटला आणि थेट माहेरी ऐकू जाईल अशा आवाजात साडीचा, पंपाचा आणि मामांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्यासरशी मामा दचकले, त्यांचा उजवा हात आपोआप बाजूला गेला आणि भिंतीवरच्या देवीच्या तसबिरीमागे शिरला. बाहेर आला तेव्हा हातात पाना होता. मी टाळ्या वाजवल्या. पण निघताना मामींना हळूच विचारलं, की मघाशी मामा "बस, बस" कुणाला म्हणाले? "बुधवारी पंखेवाला आला होता न्हाय का, त्याला," मामी सहज म्हणाल्या. "आज आला न्हाय म्हणून काय झालं, बसायला जागा तर द्यावी लागते ना."

त्यानंतर मी शुक्रवारी त्या खोलीत डावीकडच्या बाकावर बसणं सोडून दिलं.

हळूहळू आख्खी गल्ली आपापले तुटलेले दिवस घेऊन मामांकडे यायला लागली. शेजारच्या चाळीत राहणाऱ्या एका लूम कारागिराची खोलीची चावी हरवली. ज्याची वस्तू त्यानेच उलटं चालायचं असा मामांचा नियम, म्हणून तो बिचारा भर गल्लीत मागे मागे चालला होता आणि मामा त्याच्या बरोबर. बघायला मीही होतो. वळणावर तो एकदम थांबला.

"चाचा, इधर आबा मिले थे." आबा म्हणजे कोपऱ्यावरच्या घरातले म्हातारे.

"तो बाजू हो. सलाम कर."

"चाचा, वो तो कल गुजर गए! आप खुद मय्यत में गए थे!"

"बुधवार को जिंदा थे ना?" मामा म्हणाले. "आपुन बुधवार में है."

कारागिराचा चेहरा पिठासारखा झाला. पण चावी हवी होती. तो भिंतीला चिकटून बाजूला झाला आणि त्याने रिकाम्या गल्लीला वाकून सलाम केला. मामांनीही हात जोडले, जरा थांबले, आणि कुणी काही विचारल्यासारखं म्हणाले, "बरं हाय आबा, तुमी कसे?" चावी तिथेच, त्याच्या पायाशी गटाराच्या जाळीत अडकलेली होती. त्याने ती उचलली, कपाळाला लावली आणि मामांना म्हणाला, "चाचा, मेहरबानी. लेकिन अगली बार मैं ताला तोड़ लूँगा."

आता त्या कपाटाबद्दल सांगायला हवं. वर्कशॉपच्या मागच्या भिंतीला एक लाकडी कपाट आहे, छतापासून जेमतेम हातभर खाली राहील एवढं उंच, भिंतीला स्क्रूने आवळलेलं, लोखंडाने खच्चून भरलेलं. त्यातून आवाज यायचा. टक. मग थोडं थांबून, टक. दार ठोठावणाऱ्याला उत्तराची घाई नसावी तसा. मामी म्हणायच्या, उंदीर. उंदीर एवढा शिस्तीचा नसतो, एवढं मलाही कळतं. पलीकडच्या गल्लीतल्या लूमचा ढिला नट ज्यांना घरबसल्या ऐकू येतो, त्या मामांना हा आवाज मात्र ऐकू यायचा नाही. मी विषय काढला की ते रेडिओ मोठा करायचे. शुक्रवारी कपाट गप्प असायचं.

आणि सगळ्यांचं सगळं शोधून देणाऱ्या या माणसाची एक वस्तू त्याच खोलीत हरवली होती, जी ते आता कधीच शोधत नसत. पितळेचा ओळंबा. दोरीला बांधलेलं भोवऱ्यासारखं टोकदार वजन, खांब किंवा भिंत सरळ उभी आहे की नाही ते पाहायचं. मामांचे वडील खाडीवर होड्या बांधायचे, त्यांचा तो. वडिलांचा एक नियम होता: ओळंबा डोलायचा थांबेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. तो थांबला की तो सांगेल ते खरं.

ही हकिगत मला मामींनी सांगितली. मामा घरात नसताना, तरी कुजबुजत. भाऊजी म्हणजे मामांचे धाकटे भाऊ. "भाऊजी तेव्हा अंबाडीला घर बांधत होते. बापाची एक तरी वस्तू मला असू द्या, ओळंबा द्या, म्हणून हट्ट धरला होता. ह्यांनी दिला न्हाय. त्याच दिवसांत दोघा भावांनी मिळून हे कपाट बसवलं. काम झालं, बघतात तर ओळंबा न्हाय. भाऊजी म्हणाले, तुमी सांगितलं तसा मी कपाटावर ठेवला. हे वर चढून बघतात तर काहीच न्हाय. मंग ह्यांच्या तोंडून तो शब्द गेला."

"कुठला?"

"चोर." मामींनी इकडेतिकडे पाहिलं. "भाऊजी भरल्या ताटावरनं उठले. अकरा वर्षं झाली. परत ह्या घरात पाऊल न्हाय ठेवलं."

"मग मामांनी तो दिवस उलटा नाही फिरवला?"

"फिरवला की, पुढचे कितीतरी शुक्रवार. पण भाऊजी न्हव्हते ना. त्यांच्या वाटचंही हे स्वतःच करायचे. स्टुलावर चढायचे, ओळंबा घेतल्यासारखं करायचे आणि खिशात घालायचे."

"भाऊजींनी तो खिशात घातलेला मामांनी पाहिला होता?"

"तेच तर," मामी म्हणाल्या. "पाहिला न्हव्हता."

धाकटे भाऊ दोन वर्षांपूर्वी वारले. मामा अंबाडीला गेले होते, पण स्मशानात लांब एका झाडाखाली उभे राहिले, खांदा द्यायला पुढे झाले नाहीत. परत आले आणि तीन दिवस एका मिक्सरचा एकच स्क्रू काढत-लावत बसले. मी एकदा न राहवून म्हटलं, "मामा, ओळंबा एकदा नीट शोधू या का?" त्यांनी हातातला स्क्रू आणखी आवळला. मग म्हणाले, "सापडला तर?"

गेल्या वैशाखात एका शुक्रवारी धाकट्या भावाची मुलगी वैजू लग्नाची पत्रिका घेऊन आली. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्या घरातलं माणूस या उंबऱ्यावर आलं होतं. मामी तिला जवळ घेऊन रडल्या. पोरगी रडली नाही. तिने पत्रिका मामांच्या हातात दिली आणि उभ्यानेच बोलली.

"काका, पुढच्या रविवारी हळद हाय. बाबांच्या जागी कोण उभं राहणार, असं सगळे विचारतायत. मला तुमीच पायजे. पण चोराच्या पोरीमागं उभं राहू नका. उपकार म्हणून तर न्हायच न्हाय. आख्ख्या कामतघरचं शोधून देता, माझ्या बापाचं तेवढं शोधा. त्यांनी नेला असंल तर मला तोंडावर सांगा. मी ऐकून घेईन आणि परत जाईन."

मामांनी कानावरची पेन्सिल काढली, पुन्हा ठेवली. मी हळूच दाराकडे सरकत होतो, कारण घरगुती प्रकरणात जावयाने नसावं. पण मामा म्हणाले, "जावई, तुमी थांबा. पोरगी बुटकी हाय, तिचा हात पोचणार न्हाय. तुमची उंची त्याच्याएवढी."

झालं. मेलेल्या माणसाच्या जागी मी!

मामींनी कुणी न सांगता ताट वाढून आणलं, पाटापुढे ठेवलं आणि मला बसायला लावलं. उलटं फिरवायचं म्हणजे शेवटापासून सुरुवात, म्हणजे आधी मी ताटावरून उठायचं, मग मामांनी तो शब्द म्हणायचा. मी उठलो. मामा ताटाजवळचं भांडं सरकवत बसले. "म्हणा ना काका," वैजू म्हणाली, "तेव्हा म्हटलं होतंत ना?" मामांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हटलं. आयुष्यात मला शिव्या पुष्कळांनी दिल्या, पण इतक्या हळू कुणी दिली नव्हती.

मग आम्ही उलट्या पावलांनी कपाटापाशी पोचलो. मी स्टुलावर चढलो. ओळंब्याच्या जागी मामांनी दुरुस्तीला आलेला एक लाकडी भोवरा माझ्या हातात दिला. त्यांना खिशाकडे बघायची सवय होती, ते माझ्या खिशाकडे बघत राहिले. मी हात लांबवला, भोवरा कपाटाच्या माथ्यावर ठेवला, तो कलंडायला लागला, आणि माझ्या तोंडून शब्द आले:

"दादा, कपाट मागं कललंय. गडगडंल हा."

"तू नको शिकवू मला!" मामा खालून कडाडले. "ठेव सांगितलं तिथं!"

आणि आम्ही दोघेही जागच्या जागी थिजलो. मी मूळचा नाशिककडचा. "कललंय" ठीक आहे, पण "गडगडंल" हे काही माझ्या तोंडचं बोलणं नव्हे, आणि मामांना मी जन्मात कधी दादा म्हटलेलं नाही. मामींनी उचललेलं ताट कलंडलं. वैजू भिंतीला टेकली होती. "बाबा," ती एवढंच म्हणाली. मी आजही सांगतो, भोवरा खरंच गडगडत होता, तेव्हा कुणीही तसंच म्हटलं असतं. पण त्या वेळी मला फक्त स्टुलावरून खाली उतरायचं होतं.

भोवरा गडगडत मागे गेला आणि कपाट अन् भिंत यांच्या मधल्या लाकडी पट्टीला टेकून थांबला. मामा पट्टीकडे बघत होते. "ही पट्टी मी नंतर ठोकली," ते म्हणाले. "त्याच दिवशी, तो स्क्रू आणायला बाहेर गेला तेव्हा. उंदीर जातील म्हणून. त्यानं ठेवला तेव्हा इथं फट होती."

पट्टी त्यांनी स्वतः उचकटली. मी फटीत बॅटरी मारली. भिंतीत जुन्या कॅलेंडरचा एक खिळा होता, त्यात दोरीचा फास अडकला होता, आणि दोरीच्या खाली, धुळीने काळा पडलेला, ओळंबा लोंबत होता. तो डोलत होता.

पट्टी काढताना भिंतीला धक्का लागला असणार. असणारच. पण मामांनी हात पुढे केला नाही. वडिलांचा नियम होता. आम्ही चौघं श्वास रोखून उभे राहिलो. लूम बंद, पंखा बंद, वारा नाही, आणि ते पितळ इकडून तिकडे, तिकडून इकडे, कुणीतरी नुकतंच बोट काढून घेतल्यासारखं डोलत राहिलं. धक्क्याने डोलणारी वस्तू एवढा वेळ डोलत नाही. किती वेळ गेला कोण जाणे, माझा बॅटरी धरलेला हात भरून आला. मग तो संथ झाला आणि थांबला. सरळ.

मामा मटकन स्टुलावर बसले. "तो सांगत होता मला, गडगडंल म्हणून," ते म्हणाले. "मी ऐकलं न्हाय. आणि मंग त्याच्या वाटचंही मीच बोलत बसलो." मग ते एकदम ओंजळीत तोंड घालून रडायला लागले, लहान पोरासारखे, मोठमोठ्याने. वैजूने त्यांचं डोकं पोटाशी धरलं. तेव्हा कुठे ती रडली.

मला तेवढ्यात त्या टकटकीचा उलगडा झाला होता. लूम चालले की जमीन थरथरायची, ओळंबा हलायचा आणि कपाटाच्या पाठीवर वाजायचा. सहा दिवस तो दार ठोठावायचा, आणि मामा शोधायला बसायचे तो शुक्रवार तेवढा गप्प. माझ्या हुशारीवर खूश होऊन मी हे मोठ्याने सांगितलं. मामांनी डोळे पुसले. "मला ऐकू यायचं, जावई," ते म्हणाले.

अंबाडीला मांडव घालायच्या दिवशी मामा सगळ्यांच्या आधी हजर होते. नवा सदरा, कानावर पेन्सिल, हातात लखलखीत घासलेला ओळंबा, जो लग्नानंतर वैजूबरोबर जाणार होता. मांडववाल्याचा त्यांनी पुरता छळ मांडला. प्रत्येक खांब ओळंब्याने तपासायचा, आणि ओळंबा थांबेपर्यंत कुणी बोलायचं नाही. बेंजोवाले सराव करत होते, त्यांनाही गप्प केलं. मांडवात जमलेल्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. दोरी धरायला स्टुलावर अर्थातच मी, उंचीमुळे.

शेवटचा खांब धाकट्या भावाच्या हार घातलेल्या फोटोशेजारचा होता. ओळंबा डोलला, संथ झाला, थांबला. मामांनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं, म्हणजे मी होतो त्या जागेकडे पाहिलं. मला ते नेहमी "जावई" म्हणतात, अहोजाहो करतात. त्या वेळी म्हणाले, "सरळ हाय का रं?"

मी ओठ घट्ट मिटून घेतले. न जाणो, तोंडातून काय निघेल. मामा तसेच वर बघत थोडा वेळ थांबले. मग आपणच मान डोलावली आणि दोरी गुंडाळायला लागले. आता कधी शुक्रवारी सगळं शांत झालं की मला ते वर केलेलं तोंड आठवतं. एवढं नुसतं "हाय" म्हणायला माझं काय जात होतं?